‘बेल्ट द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी काय विचारायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: निफाड तालुक्यात हार्डवेअरचं दुकान आहे, आता बेल्ट ठेवायचा विचार आहे. पण येणारा प्रत्येक जण नुसतं ‘बेल्ट द्या’ म्हणतो. कुणाला गिरणीचा हवा असतो, कुणाला फवारणीच्या पंपाचा, कुणाला स्कूटरचा. स्लॅबवर काम करणारा सेफ्टीचा मागतो आणि बाजार समितीतला हमाल पाठीचा. यातलं काय ठेवायचं, काय टाळायचं आणि कुठला बेल्ट कशासाठी हे ओळखायचं कसं?

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना बेल्ट, पुल्या, बेअरिंग पुरवतो. आयुष्य त्यातच गेलं, त्यामुळे उत्तर लांबणार. मुद्द्याचं आधी सांगतो. साइज विचारायच्या आधी एवढंच विचारा: हा बेल्ट यंत्र ओढणार आहे की माणसाला धरणार आहे? यंत्राचा तुटला तर दळण थांबतं, बाग एक दिवस फवारायची राहते. माणसाचा तुटला तर घर बसतं. हे दोन्ही एकाच खिळ्याला टांगून, एकाच नफ्याच्या हिशेबानं विकणारी दुकानं मी बरीच पाहिली आहेत. तुम्ही तसं करू नका.

आता यंत्राच्या बेल्टकडे येऊ. तुमचा खरा धंदा इथेच होणार आहे.

तुमच्या भागात नव्वद टक्के मागणी व्ही-बेल्टची, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्याची असेल असं धरून चाला. गिरणी, फवारणीचा एचटीपी पंप, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, कॉम्प्रेसर, सगळीकडे तोच. बेल्टवर छापलेला नंबर वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. पहिलं अक्षर जाडी-रुंदी सांगतं. ए म्हणजे वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड, बी म्हणजे १७ आणि ११, सी म्हणजे २२ आणि १४. अक्षरापुढचा आकडा आतल्या बाजूची लांबी, इंचात. म्हणजे बी-५२ हा आतून ५२ इंच.

गिऱ्हाईक आणतं तो बेल्ट बहुतेक वेळा काळवंडलेला, नंबर पुसलेला असतो. मग टेप बाहेरून फिरवून मोजा. ए असेल तर त्यातून २ इंच वजा करा, बी असेल तर ३, सी असेल तर ४. बाहेरून ५५ भरलेला बी म्हणजे बी-५२. जुना बेल्ट थोडा ताणलेलाही असतो, त्यामुळे माप दोन नंबरांच्या मध्ये आलं तर लहान नंबर द्या आणि मोटर सरकवायला जागा आहे का ते विचारा. तुकडे घेऊन येणारेही भेटतील. तुकडे जोडून मोजण्यात वेळ घालवू नका, दोन्ही पुल्यांचे व्यास आणि त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मागवा.

त्यावरून लांबी काढायचा हिशेब असा. अंतराची दुप्पट घ्या, त्यात दोन्ही व्यासांच्या बेरजेला १.५७ ने गुणून मिळवा. व्यासांत फार फरक असेल तर त्या फरकाचा वर्ग, भागिले अंतराची चौपट, हेही मिळवा. उदाहरणार्थ मोटरची पुली ५ इंच, गिरणीची १० इंच, अंतर २४ इंच. ४८ अधिक २३.५५ अधिक जेमतेम पाव इंच, म्हणजे साधारण ७१.८. पुलीचा बाहेरचा व्यास धरला असेल तर ही जवळपास बेल्टची बाहेरची लांबी झाली. बी बेल्टसाठी ३ वजा करा, बी-६९ द्या. वेगाचा हिशेब याहून सोपा: १४४० फेऱ्यांची मोटर, ५ वरून १० वर गेली की गिरणीला ७२० फेरे.

‘बेल्ट टिकत नाही’ ही तक्रार तुमच्याकडे रोज येईल आणि दोष तुमच्या मालाला लागेल. म्हणून कारणं माहीत हवीत. व्ही-बेल्ट पुलीला धरतो तो बाजूंनी, तळानं नाही. खाचेत तो दोन्ही अंगांनी पाचरीसारखा रुतून बसतो, तळाशी मोकळी जागा उरलीच पाहिजे. पुली झिजली की खाच रुंद होते, बेल्ट खाली बसतो, तळाला घासतो आणि घसरायला लागतो. ओळखायची खूण अगदी सोपी आहे. खाचेचा तळ चकचकीत दिसला की पुली गेली. त्या पुलीवर कितीही भारी बेल्ट चढवा, चार दिवसांत परत येईल. ‘आधी पुली बदला’ म्हणायला जीभ कचरते, कारण पुली महाग, पण तेच सांगावं लागतं.

दुसरं कारण आपल्याकडे फार दिसतं: मोटरला फार लहान पुली. यंत्राचे फेरे कमी करायचे म्हणून लोक मोटरला तीन-साडेतीन इंचाची पुली बसवतात आणि त्यावर बी बेल्ट चढवतात. बी बेल्टला निदान १२५ मिलिमीटरची, म्हणजे ५ इंचाची पुली लागते. ए ला ७५, सी ला २०० मिलिमीटर. त्याहून लहान पुलीवर बेल्ट प्रत्येक फेऱ्याला गरजेपेक्षा जास्त वाकतो, आत तापतो, आणि आतल्या बाजूला आडव्या भेगा पडतात. अशा भेगांचा बेल्ट कुणी आणून टाकला की बेल्टवर वाद घालू नका, पुलीचा व्यास विचारा. शिवाय लहान पुलीला बेल्टचा वेढाही कमी पडतो, आणि वेढा कमी तशी पकड झपाट्यानं कमी होते. फेरे कमीच करायचे असतील तर लहान पुली आणखी लहान करण्यापेक्षा मोठी पुली आणखी मोठी करावी.

तिसरं कारण ताण. सैल बेल्ट चीं-चीं करतो, घसरतो, कडा जळून काचेसारख्या होतात. मग वैतागून फिटर मोटर मागे ओढून बेल्ट तारेसारखा करतो, तेव्हा बेल्ट वाचतो आणि बेअरिंग जातं. दोन पुल्यांच्या मधल्या मोकळ्या भागावर मधोमध दाबलं की मीटरमागे साधारण १६ मिलिमीटर दबला पाहिजे, असा जुना हिशेब आहे. दोन फूट अंतर असेल तर जेमतेम एक सेंटिमीटर. नवा बेल्ट पहिल्या दिवस-दोन दिवसांत थोडा सैलावतोच, तेव्हा पुन्हा एकदा ताणून घ्यायला सांगा. हे एक वाक्य बिलाबरोबर फुकट दिलंत तर निम्म्या तक्रारी येणार नाहीत. बेल्ट चढवताना स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून चढवू नका, हेही सांगा. त्यात आतले दोरे तुटतात, वरून काही दिसत नाही, आणि पुढच्या आठवड्यात बेल्ट उलटा पलटतो. मोटर पुढे सरकवायची, बेल्ट बसवायचा, मग मागे घ्यायची.

दोन-तीन बेल्ट शेजारी-शेजारी चालणाऱ्या यंत्रावर एकच बेल्ट बदलून मागणारे येतील. देऊ नका, निदान समजावून तरी सांगा. जुने ताणलेले असतात, सगळा भार एकट्या नव्यावर येतो. पूर्ण संच बदलायचा, एकाच कंपनीचा, शक्यतो एकाच लॉटचा. आणि बेल्ट घसरू नये म्हणून लावायचा स्प्रे किंवा मेण? माझ्या मते विकूच नका. तो आवाज बंद करतो, दोष तसाच ठेवतो.

सपाट पट्टा अजून संपलेला नाही. जुन्या ऑइल इंजिनावरच्या गिरण्या, मालेगावचे काही जुने कारखाने, लाकूड कापायचे यंत्र, इथे तो भेटतो. सपाट पट्टा पुलीवरून ‘पडतो’ याचं कारण बहुतेक वेळा दोन्ही शाफ्ट एकमेकांना समांतर नसणं. पुलीला मधोमध किंचित फुगवटा दिलेला असतो, पट्टा आपोआप त्या फुगवट्याकडे चढतो आणि तिथे राहतो. तो फुगवटा झिजला की पट्टा एका बाजूला धावतो. पट्टा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळवून घातला की दुसरं चाक उलट फिरतं, जुन्या फिटरची ही आवडती युक्ती होती. या पट्ट्यांचं रीळ ठेवण्याइतकी मागणी तुमच्याकडे नसेल, फूटावर कापून देणारा नाशिकचा दुकानदार जोडून ठेवा. शिलाई मशीनचा चामड्याचा गोल पट्टा मात्र जरूर ठेवा. स्वस्त आहे, जागा खात नाही, आणि गावात अजून पायाची मशीनं चालतात.

यंत्राच्या बेल्टबाबत एक गोष्ट दुकानदारानंही बोलायला हवी, ती म्हणजे जाळी. कडबाकुट्टीचा किंवा गिरणीचा बेल्ट उघडा, शेजारी साडीचा पदर किंवा गळ्यातला गमछा, यातून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बेल्ट बदलायला काढलेली जाळी नंतर कोपऱ्यात पडून राहते. ‘जाळी परत बसवली का’ हे पुढच्या खेपेला विचारा.

स्कूटरचा बेल्ट दिसायला व्ही-बेल्टच, आतून दातेरी. हे दाते लहान पुलीवर नीट वाकता यावं म्हणून असतात, पकड इथेही बाजूंचीच. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पुल्यांचा व्यास चालता-चालता बदलतो आणि बेल्ट त्याबरोबर वर-खाली सरकतो. बेल्टची रुंदी थोडी जरी झिजली तरी गाडी पूर्वीचा वेग गाठत नाही, चढाला दम खाते. गिऱ्हाईक ‘इंजिन बसलं’ म्हणून येतं आणि दोष बेल्टचा निघतो. इथे ‘याच्या जवळपासचा चालेल’ हा प्रकार नाही. मॉडेल आणि साल पाहून कंपनीचाच नंबर द्यायचा.

गाडीचा टायमिंग बेल्ट तुमच्या दुकानात नको. तो इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळवतो, पिस्टनला जोडलेल्या क्रँकच्या दोन फेऱ्यांना झडपा उघडणाऱ्या कॅमचा एक. अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन जाऊन झडपांवर आदळतात, आणि काही हजारांच्या बेल्टपायी सगळं हेड उघडावं लागतं. शिवाय तो एकटा बदलायचा नसतो, त्याबरोबर टेन्शनर आणि रोलरही बदलतात. ते गॅरेजचं काम. जुन्या जीप-पिकअपचा फॅन बेल्ट मात्र ठेवा. कसारा घाटात तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ पाणी उकळतं, कारण पाण्याचा पंप त्याच्यावरच चालतो. शहाणे ड्रायव्हर एक जादा जवळ बाळगतात.

वाहून नेणारे बेल्ट, म्हणजे कन्व्हेयर, हा वेगळा धंदा आहे, त्यावर फार लिहीत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा वाहणारा जाड रबरी पट्टा आणि दिंडोरी-पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं वाहणारा पातळ पट्टा यांत नावाशिवाय फारसं साम्य नाही. कोळशाच्या पट्ट्यात कापडाचे थर, आगीला पटकन न पकडणारं रबर आणि गरम दाबून केलेला जोड. बाजूनं दोरी असते, ती ओढली की पट्टा बंद. पॅकहाउसचा पट्टा खाद्यपदार्थांना चालणारा, पीव्हीसी किंवा पीयूचा, बऱ्याचदा निळा. निळ्या रंगाचं अन्न जवळपास नसतंच, त्यामुळे पट्ट्याचा तुकडा निघून मालात पडला तर चटकन दिसतो. कुणी कांदा ग्रेडिंगच्या मशीनसाठी चौकशी केलीच तर रुंदी, लांबी आणि जुन्या पट्ट्याचा तळहाताएवढा तुकडा घेऊन त्याला थेट शहरात पाठवा.

आता माणसाला धरणारे बेल्ट. इथे मी कडक बोलणार आहे.

बांधकामावरचे लोक ‘सेफ्टी बेल्ट’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कमरेला बांधायचा एक पट्टा आणि दोरी असते. उंचावरून पडणाऱ्या माणसाला थांबवायला तो पट्टा चालत नाही. सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, माणूस मधोमध दुमडतो, कधी पट्ट्यातून निसटूनही जातो. अमेरिकेत अशा वापराला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पडण्याचा धोका असेल तिथे खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस लागतो, म्हणजे झटका मांड्यांवर आणि धडावर वाटला जातो. आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा नंबर आणि आयएसआय खूण पाहूनच माल घ्या. खांबावर चढणाऱ्या वायरमनचा कमरपट्टा वेगळा. तो काम करताना हात मोकळे राहावेत म्हणून असतो, पडल्यावर झेलायला नव्हे.

हार्नेस विकताना दोन गोष्टी सांगाच. एक, हूक डोक्याच्या वर अडकवायचा, पायाशी नाही. दोरी, झटका शोषणारा भाग उलगडल्यावर वाढणारी लांबी आणि माणसाची उंची, सगळं धरून हुकाच्या जागेपासून खाली साधारण साडेपाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पायाजवळ हूक अडकवून काम करणारा माणूस हार्नेस ताणण्याआधीच जमिनीला टेकतो. दोन, एकदा पडणं झेललेला हार्नेस पुन्हा वापरायचा नाही, वरून कितीही नवा दिसो. आता सिंहस्थाच्या निमित्तानं नाशिकमध्ये जिकडे-तिकडे कामं निघाली आहेत, स्वस्त हार्नेसची मागणी वाढणार. ज्याच्यावर खूण नाही, शिलाईचे दोरे सुटलेत, तारीख नाही, तो माल कितीही नफा देत असला तरी परत करा.

गाडीच्या सीट बेल्टचं एकच सांगणं: तो दुरुस्त करायचा नसतो. फाटलेला पट्टा चांभाराकडून शिवून घेणारे आहेत, मोजून पट्टी मागणारेही आहेत. हा पट्टा पॉलिएस्टरचा, एका ठरावीक बेतानं विणलेला असतो. अपघातात तो थोडा ताणला जाऊन माणसाच्या छातीवरचा झटका कमी करतो. घरगुती शिलाई तिथेच उसवते. मोठ्या अपघातातून निघालेला बेल्ट पूर्ण संचासकट बदलायचा. तीन ठिकाणी धरणारा आजचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांना खुलं ठेवलं. खालचा पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे, गरोदर बाईलाही तो पोटाच्या खालून. आणि बेल्ट न लावता आवाज बंद करणारी ती नुसती क्लिप? काउंटरवर ठेवूच नका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली. मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि दंड १००० रुपये, हे आपल्याकडे अजून लोकांना खोटं वाटतं. समृद्धी महामार्गावर गाडी काढणाऱ्यांना तरी सांगत जा.

हमालानं मागितलेला पाठीचा बेल्ट: तो मेडिकलवाल्याचा माल, आणि मी डॉक्टर नाही. पण कारखान्यांत हा प्रश्न वारंवार येतो म्हणून एवढं माहीत आहे, की निरोगी माणसानं वजन उचलताना तो बांधला तर पाठ वाचते याला भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेनं, निऑशनं, १९९४ मध्येच तो दुखापत टाळण्यासाठी म्हणून सुचवायला नकार दिला. उलट बेल्ट बांधला म्हणून माणूस पेलवत नाही ते उचलायला जातो. लासलगावच्या आवारात गोणी उचलणाऱ्याला गोणी हलकी करून द्या, दोघांनी उचलू द्या, ढकलगाडी द्या, त्याचा उपयोग जास्त. दुखणं असलेल्याला डॉक्टरनं ठरावीक दिवसांसाठी दिला असेल तर ती गोष्ट निराळी.

कराटेचे रंगीत बेल्ट, ढोल कमरेला बांधायचे पट्टे, चामड्याचे बेल्ट, हे ज्यानं-त्यानं विकावं. चामड्याचा घेणाऱ्याला हवं तर एवढं सांगा, की बेल्टची साइज बकलपासून मधल्या भोकापर्यंत मोजतात आणि ती पँटच्या कमरेपेक्षा दोन इंच जास्त घ्यायची. कराटेचा काळा पट्टा ही मूळची ज्युदोची पद्धत, जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात सुरू केलेली. आता तर अंबडच्या कंपन्यांत पोरं सिक्स सिग्माचं, म्हणजे कामातले दोष कमी करायचं ट्रेनिंग घेऊन ‘ग्रीन बेल्ट’ होतात, कमरेला काही न बांधता. परवा एकानं मला तो कुठे मिळतो असं फोनवर विचारलं, मी त्याला ट्रेनिंगवाल्याकडे पाठवला.

पहिली खरेदी करताना मोठा साठा भरू नका. आसपासच्या गिरण्या, पंप, कडबाकुट्ट्या फिरून बघा, त्यांच्या बेल्टचे नंबर वहीत उतरवा. मग दिसेल की मूठभर नंबरच पुन्हा-पुन्हा येतात. तेच घ्या, प्रत्येकी चार-पाच. द्राक्षबागांच्या ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, तेव्हा एचटीपीच्या बेल्टवाचून कामं अडतात. ते बेल्ट गणपतीपर्यंत भरून ठेवा. गव्हाच्या मळणीचे फेब्रुवारीत. बेल्ट बारीक खिळ्याला टांगले तर स्वतःच्या वजनानं तिथे मुरड बसते, त्यापेक्षा जाड पाइपावर टांगा किंवा सैल गुंडाळून फळीवर ठेवा. पत्र्याच्या शेडखाली, उन्हाच्या झोतात, डिझेलच्या कॅनशेजारी अजिबात नको, उष्णतेनं रबर कडक होतं आणि तेलानं फुगतं. जुना माल पुढे, नवा मागे. आणि त्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे यंत्र, पुलीचे व्यास आणि दिलेला नंबर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो फोनवर नुसतं ‘बेल्ट पाठवा’ म्हणेल आणि तुम्हाला काही विचारावं लागणार नाही.